लाटांपासून वीज : विझिंजमच्या प्रयोगाचा अर्थ



ज्या शाळेच्या बाकांवर बसून विज्ञानाची गोडी लागली, त्याच शाळेत, ती गोडी लावणाऱ्या सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहण्याचा योग आला, हे मी माझे भाग्य समजतो. सरांविषयी बोलू लागलो तर एक संध्याकाळ पुरणार नाही, आणि स्वतःविषयी बोललेले त्यांना रुचतही नसे. म्हणून त्यांचा एकच प्रयोग सांगतो आणि विषयाकडे वळतो. आजचा विषय त्या प्रयोगातूनच निघालेला आहे.

आम्ही आठवीत असताना सरांनी एकदा वर्गात सोड्याची रिकामी बाटली आणली. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा तिच्या बुडाशी गुंडाळून पेटवला, वर गार पाणी ओतले आणि बाटलीचा तळ अलगद वेगळा केला. मग ती बिनतळाची बाटली पाण्याने भरलेल्या बालदीत उभी धरली आणि दुसऱ्या हाताने बालदीतले पाणी हेलकावू लागले. आम्हांला एकेक करून पुढे बोलावले व बाटलीच्या तोंडाशी ओले बोट धरायला सांगितले. बाटलीतले पाणी वर चढले की बोटाला वारा लागे. पाणी उतरले की वारा आत ओढला जाई. सर म्हणाले, "समुद्र असाच श्वास घेतो. आता सांगा, या तोंडावर भिरभिरे लावले तर ते कोणत्या बाजूला फिरेल?" वारा एकदा बाहेर, एकदा आत. तेव्हा भिरभिरे एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरणार, आणि अशा फिरण्याचा उपयोग काय? आम्ही गप्प राहिलो. सरांनीही उत्तर दिले नाही. "विचार करून ठेवा," एवढे म्हणून ते प्रकाशाच्या परावर्तनाकडे वळले.

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सापडले. ते सांगण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो. समुद्रापासून वीज म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर भरती-ओहोटी येते. तो विषय निराळा. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने होते, तिचे वेळापत्रक पंचांगासारखे आधी छापता येते, आणि तिच्यावर चालणारी मोठी वीजकेंद्रे जगात आहेत. फ्रान्समधील ला रान्स येथील २४० मेगावॅटचे केंद्र १९६६ पासून चालू आहे. लाटा मात्र वाऱ्याची लेकरे आहेत. वारा पाण्यावरून वाहतो, पाण्याला आपली काही शक्ती देतो, आणि ती शक्ती लाटेच्या रूपाने दूरदूर जाते. पाणी जात नाही, शक्ती जाते. लाटेवर तरंगणारा नारळ जागच्या जागी वर-खाली, पुढे-मागे होत राहतो, हे आपण किनाऱ्यावर लहानपणापासून पाहिले आहे. दक्षिण महासागरातल्या वादळात जन्मलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतात. केरळातले मच्छीमार अशा अवचित येणाऱ्या उधाणाला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही समुद्र घरात शिरतो. ज्या वाऱ्याने तो उठवला तो वारा येथून पाहायला मिळतच नाही.

ही शक्ती किती असते? खोल समुद्रासाठी एक ढोबळ हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत टिपून घ्यावा. लाटेच्या उंचीचा मीटरमध्ये वर्ग करावा, त्याला दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणावे आणि येईल त्याचे निम्मे करावे. लाटेच्या रुंदीच्या दर मीटरमागे तितके किलोवॅट. पावसाळ्यात आपल्या समुद्रात अडीच मीटरची लाट आठ सेकंदांच्या अंतराने आली, तर हे उत्तर २५ किलोवॅट येते. म्हणजे या व्यासपीठाइतक्या रुंदीच्या लाटेत एखाद्या वाड्याला पुरून उरेल इतकी शक्ती. आता हाच हिशेब जानेवारीतल्या साठ सेंटीमीटरच्या, सात सेकंदांच्या लाटेसाठी करा. उत्तर सव्वा किलोवॅट. वीसपट फरक! आणि पावसाळ्यातल्या वादळी दिवशी पाच मीटरची लाट दहा सेकंदांनी आली तर मीटरला सव्वाशे किलोवॅट. उंचीचा वर्ग होतो, हे सारे त्या वर्गाचे पराक्रम आहेत. जे यंत्र सव्वा किलोवॅटच्या लाटेवर हलले पाहिजे, तेच यंत्र सव्वाशे किलोवॅटच्या लाटेखाली मोडता कामा नये. लाटांच्या विजेचा सगळा इतिहास या एका अडचणीचा इतिहास आहे.

हा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. पॅरिसमध्ये जिरार नावाच्या पितापुत्रांनी लाटांवर यंत्रे चालविण्याचे एकस्व १७९९ मध्येच घेतले होते. १९१० च्या सुमारास फ्रान्सच्याच रॉयां या गावी एका गृहस्थाने समुद्राकाठच्या कड्यात उभे भोक पाडून, खालच्या लाटेने वर ढकललेल्या हवेवर आपल्या घरापुरती वीज केली होती. सरांची बाटलीच ती, फक्त दगडाची. पण ज्याला या विद्येचा खरा जनक म्हणता येईल तो जपानचा योशिओ मासुदा. नौदलात काम केलेल्या या माणसाने १९४० च्या दशकापासून लाटांचा पाठपुरावा केला आणि बंदराच्या वाटेवर तरंगणाऱ्या दिव्याच्या बोयांमध्ये हीच हवेची युक्ती बसवली. १९६५ पासून असे बोये विकले जाऊ लागले. एका बोयाची वीज किती, तर एका दिव्यापुरती. मासुदांचे हे बोये लक्षात ठेवा. शेवटी मला त्यांच्याकडे परत यायचे आहे.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि लाटांकडे मोठमोठ्या सरकारांचे लक्ष गेले. एडिंबरा विद्यापीठातील स्टीफन साल्टर यांनी १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपला लेख छापला. लाटेवर मान डोलावणाऱ्या त्यांच्या यंत्राला 'साल्टरचे बदक' असेच नाव पडले. प्रयोगशाळेच्या हौदात ते बदक लाटेची बहुतेक शक्ती पिऊन टाकी. त्याच्या मागचे पाणी जवळजवळ शांत राही. ब्रिटिश सरकारने मग दोन हजार मेगावॅटचे केंद्र डोळ्यांसमोर ठेवून कार्यक्रम आखला आणि १९८२ मध्ये वीज महाग पडते म्हणून तो गुंडाळला. तो खर्चाचा हिशेब बरोबर होता की नाही, यावर साल्टर हयातभर भांडले. मला त्या वादात शिरायचे नाही. एवढेच म्हणतो की, जी विद्या तोवर एक दिवा पेटवीत होती, तिला एकदम एका देशाची चूल पेटवायला सांगितले गेले.

याच काळात सरांच्या भिरभिऱ्याचे उत्तर मिळाले. ते दिले बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील ॲलन वेल्स यांनी. गंमत अशी की, वेल्स यांचा लौकिक पोलादाच्या वेल्डिंगमधला आणि पोलाद का तडकते या अभ्यासातला. त्यांनी विमानाच्या पंखासारखी पाती घेतली, पण दोन्ही बाजूंनी सारखा फुगवटा असलेली, आणि ती हवेच्या प्रवाहाला आडवी बसवली. हवा खालून येवो वा वरून, अशा पात्यावर पडणाऱ्या बलाचा एक अंश पात्याला पुढच्याच दिशेने ओढतो. म्हणून चक्र एकाच बाजूला फिरत राहते. झडपा नाहीत, दारे नाहीत, गंजून अडकेल असे काही नाही. मासुदांच्या बोयात झडपा होत्या; लहान यंत्रात त्या चालून जात, मोठ्या यंत्रात समुद्राने त्या टिकू दिल्या नसत्या. वेल्स टर्बाइनचे दोषही सांगायला हवेत. ते आपले आपण सुरू व्हायला कुरकुरते, हवेचा झोत फार वाढला की त्याची पकड सुटते, आणि त्याचा आवाज कानठळ्या बसविणारा असतो. तरीही मी ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला आठवीचा वर्ग आठवला. सर तेव्हा हयात नव्हते.

आता आपल्या देशाकडे येतो. केंद्र सरकारने १९८१ मध्ये महासागर विकास विभाग स्थापन केला आणि त्याच्या साहाय्याने मद्रासच्या आय.आय.टी.ने लाटांच्या विजेवर संशोधन हाती घेतले. जागा निवडली तिरुवनंतपुरमजवळचे विझिंजम हे मासेमारी बंदर. तेथे लाटांची शक्ती वर्षाच्या सरासरीने मीटरला १३ किलोवॅटच्या आसपास भरते. उत्तर अटलांटिकच्या तुलनेत हे काहीच नाही. पण तेथे बंदराचा बांध तयार होता आणि किनारा लगेच खोल होतो. बांधापलीकडे सुमारे दहा मीटर खोल पाण्यात काँक्रीटची प्रचंड पेटी समुद्रतळावर बसवण्यात आली. वजन सुमारे तीन हजार टन. पेटीच्या तोंडाशी दोन बाजूंना भिंती पुढे काढलेल्या होत्या, की येणारी लाट त्यांच्या कुशीत सापडून आणखी उसळावी. वर दोन मीटर व्यासाचे वेल्स टर्बाइन आणि १५० किलोवॅटचे जनित्र. पेटीपासून बांधापर्यंत लोखंडी पूल. १९९१ मध्ये या केंद्राची वीज केरळच्या विद्युत मंडळाच्या तारांत गेली. जगात असे प्रयोग त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि हा पूर्णपणे भारतीय अभियंत्यांनी केलेला होता, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण तारांत वीज जाणे आणि तारांना ती वीज मानवणे यांत फरक आहे. लाट येते तेव्हा वीज उसळते. लाट ओसरते तेव्हा शून्यावर येते. दर काही सेकंदांनी हा खेळ. त्यातच जनित्र असे होते की, टर्बाइन मंदावले की ते स्वतःच मोटर बनून मंडळाच्याच तारांतून वीज ओढू लागे. वीजकेंद्र वीज खाते, ही गोष्ट ऐकून हसू येईल. पण समोर मीटर पाहत बसलेल्या अभियंत्यांना हसू आले नसावे. पेटी समुद्रात खंबीर उभी राहिली, हवेचा श्वासही अपेक्षेप्रमाणे चालला. अडचण टर्बाइनपासून पुढे, किनाऱ्याकडच्या बाजूला होती. चेन्नईत १९९३ मध्ये राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्था स्थापन झाली. त्यानंतर विझिंजमला निरनिराळ्या तऱ्हेची टर्बाइने लावून पाहण्यात आली. एका मोठ्या यंत्राऐवजी लहान यंत्रांची जोडी, बदलत्या रुंदीची पाती, वेगळ्या तत्त्वावरचे आवेग टर्बाइन. प्रत्येकाने थोडी प्रगती दिली. बाजारभावाला उतरेल अशी वीज मात्र झाली नाही.

आणि मग २००४ मध्ये तेथे जे घडले, ते मला या साऱ्या कथेतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. अभियंत्यांनी विद्युत मंडळाची तार सोडून दिली. लाटेच्या कमीजास्त विजेला बॅटरीचा आधार दिला आणि तिच्यावर समुद्राचे खारे पाणी गोडे करणारे यंत्र चालवले. रोज दहा हजार लिटर पिण्याचे पाणी. लाट मंदावली तर पाणी थोडे कमी होईल, लाट चढली तर थोडे अधिक; टाकी भरत राहील. पाण्याच्या टाकीला सेकंदासेकंदाचा चढउतार कळत नाही. तीच शक्ती, तेच यंत्र, पण मागणी बदलताच दोषाचा दोष उरला नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीला गोड्या पाण्याचे मोल सांगायला नको. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, याच संस्थेने लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर समुद्राच्या वरच्या उबदार आणि खालच्या थंड पाण्यातील तापमानाच्या फरकावर रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र उभारले. तत्त्व वेगळे, पण विचाराची दिशा तीच.

विझिंजमचे केंद्र २०११ च्या सुमारास बंद झाले. आज तेथे जे ऐकू येते ते मोठ्या मालवाहू बंदराविषयी. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने मला मघाशी चहाच्या वेळी स्पष्टच विचारले, की मग एवढा पैसा पाण्यात गेला म्हणायचे की काय? 'पाण्यात गेला' हा शब्द त्यांनी हेतुपूर्वक वापरला होता, हे मला कळले. त्यांना द्यायचे उत्तर तेव्हा अर्धेच राहिले, ते येथे पुरे करतो.

इतरांचे काय झाले ते पाहा. नॉर्वेत बर्गनजवळ १९८५ मध्ये ५०० किलोवॅटचे असेच केंद्र उभे राहिले. १९८८ च्या डिसेंबरातल्या वादळाने त्याचा पोलादी मनोरा समुद्रात नेला. स्कॉटलंडच्या डूनरे किनाऱ्याजवळ १९९५ च्या ऑगस्टमध्ये 'ऑस्प्रे' नावाचे दोन मेगावॅटचे यंत्र जागेवर बसवता बसवताच लाटांनी फोडले. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये 'पेलामिस' या सर्पाकृती यंत्रांची तिकडी मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. काही आठवड्यांतच ती बंदरात ओढून आणावी लागली, आणि २०१४ मध्ये ती कंपनीच बुडाली. ॲझोर्स बेटांतील पिको येथील केंद्राचा काही भाग २०१८ मध्ये कोसळला. या यादीत विझिंजमची काँक्रीटची पेटी ठेवून पाहा. ती समुद्राने मोडली नाही. तिला आपण सोडून दिले, आणि पाण्याचा उपयोग हाती आल्यावर सोडून दिले. माझी तक्रार असलीच तर ती खर्चाविषयी नाही, हात आखडता घेण्याच्या वेळेविषयी आहे.

टिकलेल्या यंत्राचे उदाहरणही आहे. स्पेनच्या बास्क प्रांतात मुत्रिकू या मासेमारी गावाला बंदरासाठी नवा बांध हवाच होता. बांधता बांधता त्याच्या पोटात १६ खोल्या ठेवल्या, प्रत्येकीवर एक लहान वेल्स टर्बाइन. सर्व मिळून २९६ किलोवॅट. बांधकाम चालू असताना वादळाने तडाखे दिले, तरी २०११ च्या जुलैपासून ते केंद्र चालत आहे. तेथे बांधाचा खर्च बंदराच्या खात्यावर आहे. विजेच्या माथी फक्त यंत्रांचा. आणि दुरुस्तीला माणूस बांधावरून चालत जातो, होडी लागत नाही.

होडी लागत नाही, या तीन शब्दांवर थोडे थांबतो, कारण आपल्या गोव्याचा प्रश्न तेथेच आहे. पावसाळ्यात आकाश भरलेले असते, सौर तक्त्यांची वीज घटते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत समुद्र मीटरला पंचवीस किलोवॅट घेऊन दाराशी येतो. कागदावर याहून सुंदर जोडी नाही. पण त्याच महिन्यांत आपल्या समुद्रावर जायचे कोणी? जून-जुलैत मासेमारीलाच बंदी असते. तरंगते यंत्र जूनमध्ये बिघडले तर ते सप्टेंबरपर्यंत बिघडलेलेच राहणार, म्हणजे त्याच्या कमाईचा सगळा हंगाम बुडणार. पावसाळी समुद्राचा हिसका ज्यांना कागदावर पटत नसेल, त्यांनी 'रिव्हर प्रिन्सेस' आठवावी. सन २००० च्या जूनमध्ये ते जहाज कांदोळीच्या किनाऱ्याला लागले आणि दशकाहून अधिक काळ तेथेच रुतून राहिले. जे प्रचंड जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असून आपल्याला हलवता येईना, त्याच समुद्रात आपण नाजूक यंत्र ठेवू पाहतो.

भावाचेही सांगून टाकतो. राजस्थानात भडला येथे २०१७ मध्ये सौर विजेचा दर युनिटमागे २ रुपये ४४ पैशांवर आला. त्या दराशी लाटेने झुंजावे, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. आपल्या किनाऱ्यावर लाटांची ४० हजार मेगावॅट शक्ती असल्याचा आकडा वर्तमानपत्रांत वरचेवर येतो. तो समुद्रात असलेल्या शक्तीचा अंदाज आहे, घरात येणाऱ्या विजेचा नव्हे. खाजणात किती पाणी आहे आणि घागरीत किती येईल, हे दोन हिशेब कोणी एकत्र करीत नाही.

मग करायचे काय? माझे मत असे की, लाटेकडे युनिटांचा व्यापारी म्हणून पाहणे सोडावे आणि जेथे दुसरे काही सहज पोचत नाही तेथे तिला कामाला लावावे. येथे मासुदांचा बोया परत येतो. चेन्नईच्या त्याच संस्थेने लाटेवर चालणारा मार्गदर्शक बोया विकसित केला आणि एन्नोरच्या कामराजर बंदरात वापरून पाहिला आहे. साठ वर्षांपूर्वीची जपानी कल्पना, पण आपली घडण. बेटांवरचे पिण्याचे पाणी, समुद्रातील मापनयंत्रे, दीपस्तंभ. या गरजा लहान आहेत आणि त्यांना युनिटचा भाव कोणी विचारीत नाही. दुसरी गोष्ट बांधांची. शेजारच्या महाराष्ट्रात महाऊर्जा संस्थेने लाटांच्या विजेसाठी संभाव्य म्हणून ज्या जागा पाहिल्या, त्यांत वेंगुर्ल्याचे आणि मालवणचे खडक, रेडी, पावस, गिर्ये ही नावे आहेत. मुंबईत १०० किलोवॅटचा प्रायोगिक प्रकल्प उभारण्याचा करार भारत पेट्रोलियमने एका इस्रायली कंपनीशी २०२५ मध्ये केला. त्या पद्धतीत तरंगती तराफी धक्क्यालाच जोडलेली असतात आणि नाजूक यंत्रसामग्री जमिनीवर राहते, म्हणून मला त्याविषयी उत्सुकता आहे. आपल्या किनाऱ्यावर जेव्हा जेव्हा नवा बांध घालायचा किंवा जुना वाढवायचा प्रसंग येईल, तेव्हा त्याच्या पोटात मुत्रिकूसारख्या दोन-चार खोल्या ठेवता येतील का, एवढा प्रश्न आराखड्याच्या वेळीच विचारला जावा. नंतर विचारला तर बांध फोडावा लागतो. लाटांची वर्षानुवर्षांची मोजमापे करणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दोनापावलालाच आहे. विचारायला फार लांब जावे लागणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी येथे टेबलावर एक बालदी आणि तळ कापलेली बाटली ठेवलेली आहे. बाटली या वेळी प्लॅस्टिकची आहे, कारण रॉकेल मिळाले नाही. तिच्या तोंडावर बसेल असे, दोन्ही बाजूंनी सारख्या पात्यांचे पुठ्ठ्याचे चक्र मी करून पाहिले. ते नीट फिरत नाही. बहुधा पाती जाड झाली आहेत. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे, त्या वेळात ज्याला हवे त्याने ते हाताळून पाहावे, आणि प्रश्न प्रथम मुलांनी विचारावेत, अशी माझी विनंती आहे.